लीड्सची हवा

सुचेताने दोरा दाताने तोडला, सुईत ओवला आणि जुन्या सुती साडीची घडी मांडीवर ओढून घेतली.

“अहो, लीड्सला आज काय आहे?”

सुभाषरावांनी मोबाइलमध्ये पाहिलं. “सकाळी ऊन. दुपारी पाऊस. गाराही पडतील म्हणे.”

“मे महिन्यात गारा! काय मेली हवा तरी. मग आतून दुहेरी कापड घालते.”

दुपटं नातवंडासाठी होतं. त्यांच्या इंग्लंडमध्ये, लीड्सला राहणाऱ्या लेकीला, निशिगंधाला, पाचवा महिना होता. म्हणजे लागला होता. महिन्याच्या सुरुवातीला जावयाचा, अमोलचा, फोन थेट सुभाषरावांना आला, तेव्हा ते भाईंदर पूर्वेच्या बाजारात कैऱ्या निवडत होते. बाळ गेलं, अमोल म्हणाला. निशी बरी आहे. पण आईंना इतक्यात सांगू नका, निशीला ते स्वतः सांगायचंय, फक्त अजून जमत नाहीये. सुभाषरावांनी निवडलेल्या कैऱ्या परत पाटीत ठेवल्या आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले. कैऱ्या आंबट नव्हत्या, असं काहीतरी त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून ते दुपटं त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. दिवाणावर त्याची घडी असली की ते तिथे बसत नसत. पंख्याच्या वाऱ्याने कड जरा हलली की ते नजर फिरवत. एकदा तर त्यांनी उठून पंखा बारीक केला, आणि आपण हे कुणासाठी केलं हे लक्षात येताच घामाघूम होऊन गॅलरीत गेले. तिथे शेजारच्या रुचिताबेनने गाठलं.

“अंकल, नाना बनने की पार्टी चाहिए हां!”

ते हसले. ते हसणं त्यांना फार जड गेलं.

रोज संध्याकाळी पाचला निशीचा फोन यायचा. नुसता आवाज, व्हिडिओ लागत नाही म्हणायची. बोलणं सगळं हवेचं. सकाळी कोट, दुपारी छत्री, संध्याकाळी डोळ्यांवर ऊन. सुचेता खोदून खोदून विचारायची, लेक सविस्तर सांगायची. देवा, तिकडची हवा अशीच लहरी राहू दे, सुभाषराव मनात म्हणायचे. एक दिवस जरी सरळ ऊन पडलं, तर या दोघी बोलणार काय?

मे संपत आला. एका दुपारी ते चहा घेऊन बाहेर आले, तर सुचेताच्या मांडीवरचं दुपटं पार फरशीपर्यंत पसरलेलं. चारही बाजूंनी साड्यांचे रुंद पट्टे जोडलेले. मधला तान्ह्या बाळाएवढा चौकोन तेवढा ओळखीचा.

“अगं, केवढं हे? बाळाला एवढं...”

“निशीला होईल. गोधडी केलीय.” तिने मान वर केली नाही. “पोटात बाळ असलेली पोर आईशी महिनाभर नुसतं हवेबद्दल बोलते का हो?”

सुभाषरावांनी कपबशी खाली ठेवली. “मला वाटलं, तुला सोसणार नाही.”

“आणि मला वाटलं, तुम्हाला माहीतच नाही. कसं सांगू, तेच सुचत नव्हतं.”

पाचला फोन वाजला. सुचेताने सुई कापडात खोचली आणि स्पीकर लावला.

“आई, आज ना, सकाळी मस्त ऊन होतं, आणि आता बघ...”

“आज हवेचं राहू दे, बाळा.”

पलीकडे निशी रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्याने. सुभाषराव दिवाणावर तिच्या शेजारी बसले आणि गोधडीचं दुसरं टोक त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतलं.