गाडी पाहायला मुक्कामाला या

सावली गावच्या गुणवंतराव मोहुर्ल्यांइतका सरळ गाडी विकणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नाही, असं गाडी पाहून गेलेला प्रत्येक जण सांगायचा. आणि गंमत बघा, त्यांतल्या एकानंही गाडी घेतली नव्हती.

गाडी त्यांच्या मुलाची, विक्कीची. लांबलचक, काळी, जर्मन बनावटीची, आत बसलं की पाठीला सोफ्याचा भास व्हावा अशी. हैदराबादेत नोकरीला असताना त्यानं ती जुनीच घेतली, दामटून वापरली आणि न्यूझीलंडला जाताना बापाच्या अंगणात आणून उभी केली. मीटरवर दोन लाख चाळीस हजार किलोमीटर! "बाबा, विकून टाका," असं म्हणून त्यानं सह्या केलेले कागद कपाटात ठेवले, मोबाईलवर जाहिरात टाकली, खाली बापाचा नंबर दिला आणि तो विमानात बसला.

गुणवंतरावांचा जन्म राईस मिलच्या मॅनेजरकीत गेलेला. धानाची पोती, हमालांचा आरडाओरडा, शेतकऱ्यांशी हुज्जत, ट्रकवाल्यांचा चहा; दिवसभर माणसंच माणसं. रिटायर झाले तेव्हा घरी निदान बोलायला बायको, कमळाबाई, होत्या. त्या गेल्या, मुलगा गेला, आणि मग घरात आवाज म्हणून राहिला तो फ्रिजचा. सोमारी नावाची बाई सकाळी स्वयंपाक करून जायची, पण ती कामापुरती बोलणारी. कधी कधी तर गुणवंतराव भाजीवाल्याशी उगाच भाव करायचे, घ्यायचं काही नसतानासुद्धा. माणूस असा एकटा पडला की काय काय करतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

अशात गडचांदूरचा एक ठेकेदार मेकॅनिकला घेऊन संध्याकाळी गाडी पाहायला आला. मेकॅनिकनं बॉनेटवर हात ठेवला आणि मान हलवली. दुपारीच गुणवंतरावांनी गाडी उन्हातून सावलीत घेतली होती, त्यामुळे इंजिन कोमट होतं. मेकॅनिक म्हणाला, इतकी चाललेली मोठी गाडी गरम इंजिनावर ऐकायची नसते. सगळे रोग लपून जातात. रात्रभर उभी राहू द्यायची आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना कान देऊन ऐकायचं. "मंग ऱ्हा न जी इथीच," गुणवंतराव म्हणाले. दोघं राहिले. लाखोळीची डाळ, भात, वांग्याची भाजी झाली, झाडीपट्टीच्या नाटकांच्या गप्पा झाल्या, ठेकेदारानं तर नाटकातलं एक पद म्हणून दाखवलं. सकाळी गाडी सुरू केली तर इंजिनातून खर्रर्र असा आवाज आला, तेल वर चढेपर्यंत टिकला आणि थांबला. "इंजिनातली चेन ढिली झाली," मेकॅनिक म्हणाला. "तुटली तं इंजिनच बसते." आणि ते निघून गेले.

गाडी गेली नाही याचं गुणवंतरावांना काही वाटलं नाही. त्यांना आठवत राहिलं ते पद.

तेव्हापासून जो फोन करेल त्याला ते सांगू लागले, "असं उभ्याउभ्या पाहू नका. फसान. संध्याकाळी या, मुक्काम करा, सकाळी थंड इंजिन ऐका." लोक खूश व्हायचे. इतका प्रामाणिक माणूस! माजरीचे दोघे भाऊ आले, गडचिरोलीचा दातांचा डॉक्टर आला, मूल गावचा एक कापडवाला तर बायकोला घेऊन आला. जेवले, बोलले, झोपले, सकाळी खर्रर्र ऐकलं आणि गेले. विक्की फोनवर ओरडायचा, "बाबा, ती चेन बदलून घ्या ना एकदाची!" गुणवंतराव म्हणायचे, "पाहू, पाहू." पण कसलं पाहतायत? चेन बदलली तर गाडी जाणार, आणि गाडी गेली की माणसं बंद. हे त्यांनी कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःपाशी तर नाहीच नाही. आपण खोटं बोलत नाही ना, बस्स, एवढ्यावर ते निवांत होते.

पौषात चंद्रपूरहून गफ्फार आला. तिथल्या घुटकाळा मोहल्ल्यात त्याचं गॅरेज, वय पन्नाशीच्या पुढचं, एका पार्टीसाठी गाडी बघायला आलेला. खांद्याला हत्यारांची पिशवी होती आणि येतानाच म्हणाला, "भाऊ, मुक्कामाचं कानावर आलं होतं, म्हणून चादर घेऊनच आलो." गुणवंतरावांना माणूस एकदम आवडला. जेवताना त्यानं आपल्या मुलीच्या, गुड्डीच्या लग्नाचं सांगितलं, बायकोच्या, जाहिदाच्या गुडघ्यांचं सांगितलं, आणि मुख्य म्हणजे विचारलंही. वहिनी कशा होत्या, मुलाचा फोन येतो का, मिलमध्ये तांदूळ कोणकोणता निघायचा. इतकं कोणी विचारलं नव्हतं. गुणवंतराव बोलत सुटले.

सकाळी थंडी मी म्हणत होती. गफ्फारनं बॉनेटवर तळहात ठेवला, "बरफ आहे," म्हणाला आणि किल्ली फिरवायला सांगितली. खर्रर्र झालं. गुणवंतराव सवयीनं हळहळल्यासारखं तोंड करून उभे राहिले आणि चहा टाकायला वळले.

"घेतो भाऊ," गफ्फार म्हणाला.

"आं?"

"चेनचं काम आहे, दुसरं काई नाई. मीच करीन. गाडी चांगली आहे."

गुणवंतराव चहा विसरून परत फिरले. "अरे, पण ते तेल खाते!"

गफ्फारनं तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल पुरेपूर. मागे जाऊन धूर पाहिला, निळा नव्हता.

"पानी गरम होते. घाटात उभी राह्यते."

"कोनत्या घाटात नेली होती भाऊ?" गफ्फारनं पाण्याची बाटली बघितली, टोपीखाली बोट फिरवलं, टॉर्च लावून गाडीखाली शिरला आणि बाहेर आला तो हसतच. "गियर, सस्पेन्शन, सबन ठीक आहे."

"पार्ट नाई भेटत हिचे! नागपूरवरून आना लागते. घेनारा बरबाद होते, सांगून ठेवतो!"

गफ्फारनं हात पुसले आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, आपल्या गाडीले नावं ठेवनारा मानूस मी पह्यल्यांदा पाहून राह्यलो. विकाची नाई तं जाहिरात काऊन ठेवली?"

गुणवंतरावांनी धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "अन् विकली तं मंग इथी कोन येईन रे? सांग न! हे गाडी आहे म्हनून फोन वाजते. नाई तं महिना महिना माह्या दारात कोनी चप्पल काढत नाई."

बोलून गेल्यावर त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी पाठ फिरवली. सत्तरीचा माणूस, आणि भिकाऱ्यासारखं माणसं मागतोय.

गफ्फार ओट्यावर बसला. म्हणाला, "नाई नेत मी गाडी. पार्टीले सांगतो, इंजिन गेलेलं आहे."

"अन् ते दुसऱ्याले दाखवतील तं?"

"तं म्हनतील, गफ्फारले समजत नाई. म्हनू द्या."

आता मात्र गुणवंतरावांना राहवलं नाही. मेकॅनिकच्या शब्दावर तर त्याचं घर चालतं. कालपर्यंत ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, तो माणूस आपल्यासाठी आपलं नाव खराब करायला निघाला. "नाई बाप्पा," ते म्हणाले. "माह्यापायी तू खोटं नको बोलू. मीच आज पह्यल्यांदा बोललो, तुले काऊन बोलाले लावू? ने गाडी."

विक्कीशी फोनवर सौदा झाला. "झालं एकदाचं! बाबा, आता तुम्ही मोकळे," तो म्हणाला. मोकळे! गुणवंतरावांनी कपाटातून कागद काढून दिले. गफ्फारनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, चंद्रपूरला या म्हणाला, जाहिदाच्या हातचं खाऊन जा म्हणाला. मनापासूनच म्हणाला. पण कामधंद्याची माणसं, कुठून वेळ काढणार, हे गुणवंतरावांना कळत होतं. गाडी नाक्यावरून वळली आणि रस्ता रिकामा झाला.

अंगणात गाडीच्या जागी चाकांचे चार ठसे तेवढे राहिले होते. जेवण त्यांना गेलं नाही. दुपार कशीबशी सरली. शेजारच्या घरात टीव्ही लागला, कोणीतरी पोराला हाक मारली, आणि गुणवंतराव खुर्ची ओढून दारात बसले. आज कोणी येणार नव्हतं, उद्याही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घराची भीती वाटली.

दिवेलागणीला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. कोणी आदेश म्हणून, ब्रह्मपुरीचा. जाहिरात अजून तशीच होती. काढायची विक्कीलाही आठवण राहिली नव्हती.

"काका, ते काळी गाडी आहे का अजून? का विकली?"

गुणवंतरावांनी अंगणाकडे पाहिलं.

"आहे न," ते म्हणाले. "या उद्या संध्याकाळी. मुक्कामानंच या. एकटे येऊ नका, घरच्यांलेही आना. अन् मासे चालतात का तुमाले?"