हातांची तोंडी परीक्षा

मी माइक बोलतोय. हो, खुद्द माइक. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. लवचीक मान, काळी टोपी आणि गळ्याशी लाल दिवा, असं माझं रूप. माझ्यात पहिल्यांदा बोलली ती तिथली तपासणी करणारी बाई. तिला सर्दी झाली होती. "हॅलो" म्हणायच्या आधी ती शिंकलीच. शिंक खणखणीत ऐकू गेली आणि मी पास झालो.

तिथून मी आलो एका विद्यापीठाच्या सभागृहात. लांबलचक टेबल आणि भोवती विद्यापरिषदेची माणसं. प्रवेश कोणाला द्यायचा, विशेष प्रावीण्य कोणाला म्हणायचं, नवी पदवी कोणती काढायची, सगळं तिथेच ठरायचं. ऐकून ऐकून मला माणसांची पारख झाली. "दोनच शब्द बोलतो" म्हणणारा मला सहजासहजी सोडत नाही. "माझा विरोध नाही, पण..." म्हणणाऱ्याचा हमखास विरोध असतो. आणि चहा आला की भल्याभल्यांचं एकमत होतं.

एके वर्षी भाषा विभागाच्या प्रमुख बाईंनी नवा प्रस्ताव मांडला: खुणांच्या भाषेची पदवी. कर्णबधिर माणसं हातांनी, चेहऱ्याने जी भाषा बोलतात, तिचं रीतसर शिक्षण. बराच खल झाला, पण मंजुरी मिळाली. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्यासमोरच नाक ओढलं, ते अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं.

पण घोडं पुढेच अडलं. पहिल्याच वर्षी एका कर्णबधिर मुलीने प्रवेश मागितला आणि तिला नकार मिळाला. भाषेच्या कोणत्याही पदवीसाठी तोंडी मुलाखत सक्तीची, असा जुना नियम होता. म्हणजे ज्यांची भाषा, त्यांनाच दार बंद! बाईंनी विषय पुन्हा परिषदेत आणला आणि त्या मुलीलाच बोलावून घेतलं.

मुलीसोबत तिचा थोरला भाऊ आला. तो बसचा ड्रायव्हर. गणवेशातच धावतपळत आला होता. ती हात चालवायची आणि तो तिचं बोलणं माझ्यात सांगायचा. भरघोस मिशांमधून घोगऱ्या आवाजात आलं, "मी लहानपणापासून हट्टी मुलगी आहे." सभागृहात खसखस पिकली. भाऊ कानापर्यंत लाल झाला.

मग जो तो भावाकडे बघून विचारू लागला, "तिला विचारा..." एवढ्यात मुलीने टेबलावर अशी थाप मारली की माझी मान लटपटली. तिचे हात झरझर चालले. भाऊ चाचरत म्हणाला, "ती म्हणते... म्हणजे मी म्हणते, माझ्याकडे बघून बोला. दादा नुसता आवाज आहे."

नुसता आवाज! त्या क्षणी तो ड्रायव्हर मला माझाच सख्खा भाऊ वाटला.

कुलसचिव नियमाला पक्के, पण मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाळ, तोंडी मुलाखत म्हणजे तोंडी. आमच्या परीक्षकांना तुझी भाषा येत नाही. मग तुला मार्क द्यायचे कोणी?" अडचण खरीच होती.

मुलीने उत्तर दिलं. भाऊ मात्र गणवेशाची बटणं चाचपू लागला.

"काय म्हणाली?" कुलगुरूंनी विचारलं.

"साहेब, जसंच्या तसं सांगू?"

"सांगा की."

"ती म्हणते, भाषा तुम्हाला येत नाही आणि नापास मी?"

कुलगुरू हसले, आधी गालातल्या गालात, मग अगदी मोकळेपणाने. कुलसचिवांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तर मग नियमात 'तोंडी'पुढे 'किंवा खुणांच्या भाषेत' असं घालावं लागेल. परीक्षक कर्णबधिर शाळेतून बोलवू." टेबलाभोवतीचे हात एकेक करून वर गेले.

"आणि विशेष प्रावीण्याचं काय?" मुलीने लगेच विचारलं. तोंडी परीक्षेचे गुण त्यातही धरले जात. भाऊ कळवळून म्हणाला, "अगं बाई, आधी प्रवेश तर घे!" हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, पण माझ्यातून सगळ्यांना ऐकू गेलं.

तो विषय समितीकडे गेला. समितीकडे गेलेला विषय सहसा परत येत नाही, पण बाईंनी पाठ सोडली नाही. दुसऱ्या वर्षी तोही नियम बदलला.

पुढे सभागृहात बिनतारी माइक आले आणि माझी रवानगी अडगळीत होणार होती. बाईंनी मला आपल्या वर्गात नेलं, कधी पाहुणे आले तर असू दे म्हणून. तेव्हापासून मी तिथल्या कपाटावर असतो. वर्ग शांत असेल असं मला वाटलं होतं. छे! बाकांवर थापा काय, पाय आपटणं काय, खदाखदा हसणं काय! गप्प बसलेला असा मी एकटाच.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. यंदा तिच्या दादानेही दुभाष्यांच्या वर्गात नाव घातलंय. घरच्या खुणा घरात चालतात, इथे व्याकरण लागतं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. त्याचा सराव तीच घेते. हात चालवताना तोंडाने पुटपुटायची त्याची सवय काही जात नाही. तिला ऐकू येत नाही, पण मिशा हललेल्या दिसतात ना! त्या हलल्या की बसलीच चापट.

तुम्ही कधी त्या वर्गात आलात तर मला शोधू नका. मी धुळीत असलो तरी सुखात आहे. सरळ पुढच्या बाकावर बसा आणि हातातली पिशवी खाली ठेवा. कोणीतरी हसून तुम्हाला तुमचं नाव विचारेल. जमेल तसं, हातांनी, सांगून बघा.