पुसलेलं टिपण

वाटीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव, मनकर्णा, शेवटचं अक्षर घासून घासून अर्धं उरलेलं, आणि आत कवठाची चटणी... आईनं ती वाटी लॅपटॉपला इतकी खेटून ठेवली होती की धर्मेंद्रला ती आधी सरकवावीशी वाटली, मग नाही वाटली. तो पडद्यावरचं उत्तर पुन्हा वाचू लागला.

काम तसं साधं. पुण्याच्या एका कंपनीनं बनवलेलं साधन : माणसानं साठवलेली टिपणं एआय वाचतो आणि विचारलं की त्यांतून उत्तर देतो. ते कसं वापरायचं याची माहिती लिहायची, तीही अमरावतीत, घरच्या टेबलावर बसून. काम सुरू झालं तेव्हा त्यानं स्वतःचीच टिपणं त्याला वाचायला देऊन टाकली होती — दुसऱ्याची कुठून आणणार? — आणि आज उदाहरणासाठी विचारलं, आईबद्दल काय नोंद आहे? गोळ्यांची तारीख येईल, चष्म्याचा नंबर येईल, छान घरगुती उदाहरण होईल...

उत्तर आलं. रक्तदाबाच्या गोळ्या चौदा तारखेला संपतात. आणि त्याखाली : 'आईला शुक्रवारी हिवरखेडला पाठवणे. कारण : सुंदरामावशीचा गुडघा. माधवी मॅडम रविवारी परत जातील. आईला सोमवारी आणणे.'

हे टिपण त्यानं महिन्याभरापूर्वी पुसलं होतं. टिपण यादीतून गेलं, पण साधनानं वाचून स्वतःजवळ ठेवलेली प्रत राहिली. सगळं पुन्हा वाचायला लावेपर्यंत ती तशीच राहते. हा साधनातला दोष, आणि तो लोकांना सांगायलाच हवा. त्यानं कंपनीच्या माधवी मॅडमना तसं कळवलंही. त्यांचा निरोप लगेच आला — इशारा म्हणून ठळक टाक, तुला दिसलेलं खरं टिपणच उदाहरणाला घे, बनावट लगेच ओळखू येतं, दुपारपर्यंत पाठव.

खरं टिपण! त्यांना?

कारण... हा शब्द कोणी लिहिला? मीच. मावशीच्या गुडघ्याला काही धाड भरली नव्हती, मी फोन करून तिला सांगून ठेवलं आणि ती बिचारी आईसमोर तीन दिवस लंगडली. पुण्याहून माधवी मॅडम आणि दोघं जण घरी जेवायला येणार होते, आणि आई दारातच त्यांना 'तुमी कोनाच्या घरच्या जी?' म्हणून विचारणार, जेवताना ताट मांडीवर घेणार, एकोणीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली हे आपणहून सांगणार, पातेलं केवढं होतं ते हातांनी दाखवणार. त्या पातेल्याच्या जिवावर मी कॉलेजात गेलो, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच? ठाऊक होतं, तरीही पाठवलं. वर बसस्टँडवर पिशवी धरून उभा राहिलो, मोठा गुणाचा मुलगा.

आणि जेवताना मॅडमनी चटणी दोनदा घेतली. कोणी केली, म्हणाल्या. फ्रिजमधली बरणी आईची, आणि मी म्हणालो, विकतची आहे... ते तर टिपणातही नव्हतं. ते आपोआप तोंडून आलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

आई परत आल्यावर गल्लीभर सांगत होती, माह्या पोराले मावशीची केवढी काळजी.

"काय लिवून राहिला रे एवढं?" आई मागे येऊन उभी होती. त्यानं लॅपटॉप थोडा मिटला.

"लिहिलेलं सगळं वाचून सांगतं हे. पुसलेलंही सांगतं, ते चूक आहे. तेच लिहितोय."

"चूक काहून? बरंच हाय की. माणूस इसरून जाते." तिनं वाटीत बोट बुडवून मीठ पाहिलं. "माह्याबद्दल काय हाय त्यात?"

"तुझ्या गोळ्या. चौदा तारखेला संपतात."

"बस? इतकंच?"

"इतकंच."

तिनं पदराला बोट पुसलं आणि आत गेली.

त्यानं साधनाला सगळी टिपणं पुन्हा वाचायला लावली, संपेपर्यंत पट्टी सरकताना पाहत बसला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. गोळ्या, चौदा तारीख. खाली काही नाही. आता मॅडमना एखादं साधं टिपण रचून पाठवलं की झालं, कोणाला कळणार आहे... सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते वाटेना. आत भांडी वाजत होती. तिनं पुन्हा बाहेर यावं, त्याच्या खुर्चीमागे उभं राहावं आणि पुन्हा एकदा विचारावं, इतकंच का रे? असं त्याला वाटत होतं, आणि या वेळी आपण काय सांगू याची त्याला खात्री नव्हती.