बारामतीकडं, इंदापूरकडं

तक्त्यावर एकच अक्षर होतं, इंग्रजी 'ई', चारी दिशांना वळवलेलं. त्याचं तोंड कुठे आहे, एवढंच मुलांनी सहा मीटरवरून सांगायचं. मी बारामतीहून डोळे तपासायला आले होते, पण कळंबच्या त्या शाळेत डावं-उजवं कोणी म्हणेना. "वर, खाली, बारामतीकडं, इंदापूरकडं," असं चाललं होतं. डावीकडे बारामती, उजवीकडे इंदापूर. मीही तसंच लिहून घेत होते.

जेवणाच्या सुट्टीत तक्त्यावर ऊन आलं, म्हणून तो समोरच्या भिंतीवर लावला. सुट्टीनंतर पहिली आली नववीतली राजेश्वरी. एक डोळा झाकून तिने शेवटची ओळसुद्धा न अडखळता म्हटली, पाढा म्हणावा तशी.

मी नोंदी पाहिल्या. वर-खाली सगळं बरोबर. बारामती-इंदापूर सगळं उलटं, एकही अपवाद नाही. न दिसणाऱ्याच्या चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत.

"बारामती कुठंय गं?"

तिने हात केला, आता तिच्या उजवीकडे. मग तक्त्याकडे पाहिलं, मग जुन्या भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे.

"सकाळपासून दाराशी बसून पाठ केलंस ना?"

"व्हय. ताई, चष्मा लिहू नका. शनिवारी इंदापूरला खो-खोची निवड हाय. विजयसिंह सर म्हनत्यात, चष्मा लागला की पोरगी खेळातनं गेली."

चूक माझीही होती: एकच तक्ता आणि उघडं दार. आता सकाळची सगळी मुलं पुन्हा तपासावी लागणार होती.

"खोटं लिहिणार नाही," मी म्हणाले. "पण आधी हे घालून बघ."

चाचणीच्या चष्म्याच्या चौकटीत मी भिंगं बदलत गेले. उणे अडीच नंबरला ती दाराकडे वळली. बाहेर मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव चालला होता.

"सुप्रियाचे पाय दिसत्यात," ती हळूच म्हणाली. "कुठं वळणार ते आधीच कळतंय. मला वाटायचं, मीच पळायला कमी पडते."

चौकट काढून तिने माझ्या हातात दिली आणि थेट मैदानावर विजयसिंह सरांकडे गेली. मी कागद घेऊन मागे.

"सर, मला चष्मा लागलाय. नाडीनं बांधीन, पण खेळणार."

"आन् काच फुटून डोळ्यात गेली म्हंजे?"

"खेळासाठी सहजी न फुटणारी भिंगं मिळतात, सर," मी म्हणाले. "सगळं लिहिलंय यात."

सरांनी कागद घेतला. हात लांब केला. अजून लांब केला.

"मी धरू का, सर?" राजेश्वरी म्हणाली. "पार बारामतीकडं जाऊन?"

मुली फिदीफिदी हसल्या. सरांनाही शेवटी हसू आवरेना.

"शुक्रवारपर्यंत चष्मा आला, तर शनिवारी गाडीत बस," ते म्हणाले.

"शुक्रवारी न्हाय, ताई, गुरुवारी आणा. सरावाला एक दिवस नको का?"

मी कागदावर 'गुरुवार' लिहिलं. मग पुन्हा तपासायच्या मुलांच्या यादीत खाली आणखी एक नाव घातलं, विजयसिंह सरांचं.