टायरवरची खडूची रेघ

मित्रांनो, मांडवगण फराट्यात नदीकडे जाणाऱ्या वाटेवर पत्र्याचं एक शेड आहे. त्यात कांद्याच्या रिकाम्या गोण्यांशेजारी एक जुनी पांढरी मारुती उभी दिसते. ती मी. माझ्या काचांवर धूळ साचली आहे आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालते. मी कधी काळी शर्यतीत पळत होते, हे कुणाला सांगूनही पटणार नाही.

नव्वद साल नुकतंच लागलं होतं, तेव्हा मी कारखान्यातून बाहेर पडले. पहिली बारा-तेरा वर्षं मी शिरूरच्या एका डॉक्टरांकडे काढली. घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, एवढंच माझं जग. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी माऊलीकडे आले.

माऊली सणसवाडीच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याचे वडील गेणबा यांची उमेदीची वर्षं मेंढरांमागे चालण्यात गेली होती. मग भीमेकाठी जमीन घेऊन ते स्थिरावले. आई नव्हती. माऊलीच्या पाठची बहीण अंकिता शेतातला माल टेम्पोत भरून तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला स्वतः घेऊन जाई. भर गर्दीत ती टेम्पो अशी वळवी, की भाजीवाल्या हातातला तराजू तसाच धरून बघत राहत.

एकदा माऊली सोबत्यांबरोबर पुण्याकडे ऑटोक्रॉस पाहायला गेला. मातीच्या मोकळ्या मैदानावर टोपीसारखे प्लास्टिकचे लाल कोन मांडतात आणि त्यांच्यामधून वळणं घेत एकेक गाडी सुटते. शेजारी दुसरी गाडी नसते, शर्यत फक्त घड्याळाशी. हौशी माणसं घरच्याच गाड्या घेऊन येतात, आणि बायकांचा वेगळा गट असतो. हे ऐकून अंकिताचे डोळे चमकले. पुढच्याच सुट्टीला दोघांनी मला पडीक रानात नेलं आणि तेलाचे रिकामे डबे कोन म्हणून मांडले.

पहिल्याच वळणाला माझी फजिती झाली. अंकिता स्टिअरिंग वळवत होती आणि मी आपली सरळच घसरत होते. माऊली बांधावरून बघत होता. मित्रांनो, आत बसलेल्याला चाक दिसत नाही. कुठलं चाक दबतं, कुठलं उचलतं, हे बाहेर उभ्या असलेल्यालाच दिसतं. म्हणून या कामाला दोन माणसं लागतात. माऊली टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढी. अंकिता फेरी मारून आली, की रेघ कुठवर पुसली ते दोघं वाकून बघत. रेघ रिमच्या बाजूला फार आतपर्यंत पुसली असेल, तर टायर वळणात दुमडतोय, हवा कमी आहे. जरादेखील पुसली नसेल, तर हवा जास्त. मागच्या चाकांत थोडी हवा वाढवल्यावर माझी शेपटी वळू लागली. मग माऊलीने मागे कडक शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगा बसवल्या, दोन्ही अंगांना सुतळी ताणून पुढची चाकं सरळ केली. जी वळणं मला भोवंडून टाकत होती, त्यांचीच मला ओढ लागली.

दोन हिवाळे आम्ही शर्यती केल्या. एकदा बायकांच्या गटात अंकिताचा दुसरा नंबर आला. लोक माझ्या बॉनेटला हात लावून तिचं कौतुक करत होते आणि ती गर्दीत माऊलीला शोधत होती. तो खाली बसून माझं पुढचं चाक तपासत होता.

मग अंकिताचं लग्न झालं. नवरा चांगदेव, दौंडला रेल्वेत नोकरीला. मांडवातली धांदल मला शेडमधून ऐकू येत होती. ती मला न भेटताच गेली. गाडीचा निरोप कोण घेतं?

त्यानंतर माऊली मला एकटाच रानात नेऊ लागला. रेघ तोच ओढी, फेरी तोच मारी, उतरून रेघही तोच बघे. पण वळणात मी कशी झुकले, हे बघायला बांधावर कुणी नव्हतं. अंदाजाने तो हवा कमी-जास्त करत राहिला. एका संध्याकाळी माझी शेपटी सुटली आणि मी बांधावर आदळले. पुढचं डावं चाक वाकडं झालं, माऊलीच्या बरगड्यांना मार लागला. त्याच्याने हाकही मारवत नव्हती, आणि ऐकणारंही कोणी नव्हतं. गेणबा शोधत आले तोवर आम्ही दोघं तसेच पडून होतो.

बरा झाल्यावर त्याने माझ्याच सीटवर बसून अंकिताला फोन लावला. बरगड्यांचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, “गाडी इकली, अंके. आता कशाला लागती?” तिने गाडीचा विषय सोडून कांद्याच्या भावाचं विचारलं. मित्रांनो, मी त्याच्या खाली उभी होते आणि तो मला विकल्याचं सांगत होता.

त्याने मला नीट दुरुस्त केलं, पण पळवलं नाही. भाऊबीजेला ती यायची, तेव्हा तो मला उसाच्या पलीकडे नेऊन ठेवी. तिचा आवाज मला ऐकू येई. एरवी कामावरून आला, की तो माझ्यात येऊन बसे. किल्ली लावत नसे. लग्नाचं कुणी काढलं, की उठून जाई. अशी चार वर्षं गेली.

शेवटी गेणबांनाच ते बघवेना. एक दिवस जीपने ते दौंडला गेले आणि लेकीला म्हणाले, “गाडी हाय अजून. पोरगं कुणाशी बोलत न्हाई.”

त्याच आठवड्यात अंकिता चांगदेवला आणि लहान लेकीला घेऊन आली. ती थेट शेडमध्ये शिरली. माझ्या टपावर हात ठेवून ती माऊलीला म्हणाली, “दादा, तू इकली म्हणालास. मला वाटलं, माझ्याबरचं समदंच मिटवलंस.”

माऊली खाली बघत म्हणाला, “सासरहून तुला कोण येऊ देणार हुतं?”

“इचारलंस का कुणाला? यांना न्हाई, आन् मलाबी न्हाई.”

चांगदेव हळूच म्हणाला, की शर्यतीचं त्यांच्या घरी कुणाला माहीतच नव्हतं. अंकितानेही कधी तोंडातून काढलं नव्हतं. माहीत असतं, तर तो स्वतः बघायला आला असता. हे ऐकून माऊलीने खिशातली किल्ली काढून अंकितापुढे धरली.

अंकिता स्टिअरिंगवर बसली. रानात चार हात गेलो नाही, तोच माझी चाकं धपधप आपटू लागली. उभी राहून राहून टायर खालच्या बाजूला सपाट झाले होते. तिने गाडी थांबवली आणि काच खाली केली. “किती उभी ठिवलीस रं हिला,” ती म्हणाली. माऊली उकिडवा बसला आणि टायरवरून हात फिरवत राहिला.

नव्या टायरांवर आम्ही दौंडजवळच्या माळावर एक शर्यत केली. अंकिताची सवय मोडली होती, तिने दोन कोन पाडले, आम्हाला नंबर मिळाला नाही. दोरीपलीकडे माऊली उभा होता. फेरी संपवून ती आली आणि आधी त्यालाच विचारलं, “कुठलं चाक उचलत हुतं?”

ती माझी शेवटची शर्यत. आता मी फार जुनी झाले आहे आणि शेडमधले दिवस लांबलचक असतात. माऊली अधूनमधून मला हातभर पुढे ढकलतो, मग पुन्हा शांतता.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी गाडी उभी असेल, तर तिला एका जागी सोडून देऊ नका, अधूनमधून हलवा. आणि अमुक माणूस आता येणार नाही, असं मनाशी ठरवून बसला असाल, तर आधी त्याला जाऊन विचारा. माऊलीने विचारलं नाही, अंकिताने सांगितलं नाही. आमची तिघांची ती चार वर्षं काही परत मिळाली नाहीत.