केबलजवळ उभे असलेले बाबा

बेहाला या उपनगरातल्या एका लहान कारखान्यात आभा इंजिनिअर होती. तार गुंडाळून स्प्रिंग केली की तिच्यात ताण अडकून राहतो आणि वापरताना ती लवकर तुटते. स्प्रिंग तापवून तो ताण घालवायला आभा भट्टीऐवजी स्प्रिंगमधून क्षणभर प्रचंड वीजप्रवाह सोडायची.

बटण दाबल्यावर प्रवाह सुटायला दोन-तीन सेकंद लागायचे. त्या दुपारी ते दाबून तिने मान वर केली, तर जाड केबलला जवळजवळ चिकटून तिचे सासरे उभे! दत्तात्रय शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डमडमहून, न कळवता, सुनेचं काम बघायला आले होते. त्यांच्या छातीत पेसमेकर होता, आणि एवढ्या प्रवाहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तो बिघडवू शकतं.

"बाबा, मागे व्हा!" ती किंचाळली. बंद करायच्या बटणावर तिने हात आपटला, पण उशीर झाला होता. प्रवाहाच्या धक्क्याने केबल थाडकन उसळली.

दत्तात्रय छाती धरून हळूहळू खाली बसले.

"काय होतंय?"

"डोळ्यांपुढे अंधारी येतेय गं."

ऑपरेटर दिलीपने धावत जाऊन टॅक्सी आणली. रस्ता बसगाड्यांनी तुंबलेला. आभाने बाबांचं मनगट धरून ठेवलं होतं. एक ठोका लागला की तिला वाटायचं, आता पुढचा येणारच नाही. आतलं यंत्र जळलं असेल तर? सासूबाईंना काय तोंड दाखवायचं?

"रडू नकोस," दत्तात्रय पुटपुटले. "तू रडलीस की मला जास्त भीती वाटते."

तिने डोळे पुसले. हुंदका मात्र आवरेना.

इस्पितळात डॉक्टरांनी छातीवर उपकरण ठेवून पेसमेकर तपासला. आभा भिंतीला टेकून उभी होती.

"यंत्र बंद पडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "चुंबकीय क्षेत्रामुळे ते राखीव पद्धतीवर, म्हणजे नुसते ठरावीक गतीने ठोके देण्यावर, गेलं होतं. पूर्ववत केलंय. उद्या घरी न्या."

सासूबाई, सरला, धापा टाकत आल्या. आभाने त्यांना काही न लपवता सगळं सांगितलं. सरलाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. "सांगून जायला काय झालं होतं तुम्हाला?" एवढं म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

दत्तात्रय बरे झाले. पण पुढच्या सोमवारी आभा यंत्रापाशी गेली, तेव्हा तिने शेडचं दार आतून लावलं, कानाकोपरा बघितला, पुन्हा बघितला. तरी हात पुढे होईना. शेवटी दिलीपनेच बटण दाबलं, आणि तिने डोळे घट्ट मिटले.