आयडेलची पट्टी

बर्डेट मास्तरांच्या बँडमध्ये आयडेल गायची तेव्हा कुठल्या पट्टीत वाजवायचं हे कुणी विचारत नसे. तिचा आवाज बाईमाणसाच्या मानानं फारच खाली उतरायचा. नवरा थर्मन गेन्स ट्रॉम्बोन वाजवायचा आणि सगळ्या वाद्यांच्या सुरांचे कागदही तोच लिहायचा, तिच्या पट्टीत. ट्रम्पेटवाले शिव्या घालत, कारण ती पट्टी त्यांच्या बोटांना अवघड. पण कॅन्सस सिटीच्या व्हाइन स्ट्रीटवर लोक तिचं ते प्रेमाचं गाणं ऐकायलाच येत, म्हणून निमूट वाजवत.

फेब्रुवारीत आयडेल न्यूमोनियानं गेली. मे महिन्यात मास्तरांनी व्हर्लीनला आणलं. विशीची पोर, चर्चमध्ये गाऊन तयार झालेला उंच, स्वच्छ आवाज.

दुपारच्या तालमीत ती त्याच गाण्याच्या पहिल्याच ओळीला अडली. खालचे सूर गळ्यातून निघेनात.

"तळघरात उतरलीस की काय, पोरी?" ड्रमवाला बिस्किट म्हणाला.

"उतरले, पण वर यायला जिनाच नाही."

सगळे हसले. थर्मन हसला नाही.

"थर्मन, चार सूर वर घे," मास्तर म्हणाले. "रविवारच्या नाचाला हे गाणं हवंय."

"वर जात नाही ते. सॅक्सोफोनचं सगळं बिघडतं."

"मला शिकवतोस? मनात आणलंस तर संध्याकाळपर्यंत लिहून देशील."

"तिला सवय होऊ दे ना. परत म्हण, पोरी. हनुवटी खाली घे."

तिनं परत म्हटलं. तो "अजून एकदा" म्हणत राहिला आणि ती म्हणत राहिली. शेवटी सूर गेले आणि नुसती हवा उरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिस्टर गेन्स, तुम्ही म्हणाल तेवढ्या वेळा म्हणते. पण हा आवाज माझ्याकडे नाहीच हो."

"सोड तिला, भाऊ," बिस्किट म्हणाला.

"मग कुणीच गाऊ नका. नुसती साथ वाजवा, आहे त्या पट्टीत. एकदाच. मास्तर, पाया पडतो तुमच्या."

मास्तरांनी मान फिरवली आणि हात वर केला.

बँड सुरू झाला. गाण्याची जागा आली आणि तिथं काहीच आलं नाही. आयडेलच्या प्रत्येक ओळीनंतर थर्मननं ट्रॉम्बोनला एक छोटंसं उत्तर लिहिलं होतं. आता तो उत्तरं देत होता आणि मधे फक्त बिस्किटचा ब्रश ड्रमवर घासत होता. पट्टीत ती सापडेल असं त्याला वाटलं होतं. पट्टी जशीच्या तशी होती. ती नव्हती. तरी तो वाजवत गेला, कारण थांबलं की हे परत कधी वाजणार नाही हे त्याला माहीत होतं. ट्रम्पेट थांबले, मग सॅक्सोफोन, मग बिस्किट. एकटा थर्मन दम संपेपर्यंत वाजवत होता.

"वरच्या पट्टीतले कागद हवेत मला," मास्तर हळू म्हणाले. "नाहीतर दुसऱ्याकडून लिहून घेईन. आणि मग तुलाही ठेवता येणार नाही."

"दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही त्याला."

तो तिथंच पियानोपाशी बसला. एकेक सूर खोडून वर नेला. व्हर्लीननं कॉफी आणून ठेवली, ती तशीच निवली.

लिहून झाल्यावर मास्तरांनी कागद चाळले.

"ट्रॉम्बोनला हे काय? ती गाते तिथं सगळे विरामच?"

"हो."

"आणि तू काय करणार?"

"बसणार."

"मग ओळीनंतर मला उत्तर कोण देणार?" व्हर्लीननं विचारलं.

"सॅक्सोफोनला लिहिलंय. गा तू."

ती गायली. आवाज मोकळा सुटला. खुर्च्यांत रेललेले वादक सावरून बसले. गाणं चांगलं होत होतं, आणि थर्मनलाही ते कळत होतं. ओळ संपली. थर्मननं ट्रॉम्बोनची सरकती नळी दोन्ही हातांनी आवळून धरली, हलू नये म्हणून.